गाईडला पत्र लिहिण्याआधी

‘आदरणीय सर किंवा मॅडम, आपल्या संशोधनाने मी अतिशय प्रभावित झालो आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. सोबत सीव्ही जोडला आहे. कृपया संधी द्यावी.’

एमएस्सी, एमए, एमटेकच्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली मुलं हे पत्र दरवर्षी इंग्रजीतून पाठवतात, आणि ते एकदम शंभर-दीडशे प्राध्यापकांना जातं. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून पत्ते गोळा करायचे, वरचं नाव तेवढं बदलायचं आणि मेल सोडून द्यायची. हल्ली मजकूर चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, त्यामुळे इंग्रजी सफाईदार झालं आहे. पण पत्रं एकमेकांसारखी जास्तच दिसू लागली आहेत. मग महिनाभर वाट पाहायची. उत्तर येत नाही. घरात बोलणं निघतं की आपली कुठे ओळख नाही, आपलं कॉलेज साधं, आपल्याला कोण विचारतो.

घाटकोपर-विद्याविहारच्या कॉलेजांतून शिकणाऱ्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आई-वडिलांशी मला याबद्दल बोलायचं आहे. उत्तर न येण्याचं कारण बहुतेक वेळा कॉलेज नसतं. त्या पत्रात उत्तर देण्यासारखं काही नसतं, एवढंच. प्रभावित झालात, पण नेमकं कशाने? कोणता शोधनिबंध वाचलात? त्यातलं काय पटलं, काय कळलं नाही? वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, म्हणून तो पुढच्या मेलकडे जातो. तेव्हा माझं सांगणं थोडक्यात हे: ज्यांना लिहायचं त्यांचं काम आधी वाचा, आणि मग स्वतःबद्दल जे खरं आहे ते लिहा. बाकी सगळं यातून येतं.

खरं लिहिण्याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. आनंदीबाई जोशींना अमेरिकेत पाठवावं म्हणून त्यांचे पती गोपाळरावांनी कोल्हापूरला असताना मिशनरी मंडळींशी पत्रव्यवहार केला. त्याचं उत्तर मनासारखं आलं नाही. ख्रिस्ती व्हा, मग पाहू, असा त्याचा रोख होता. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई १८८३च्या जूनमध्ये अमेरिकेला पोचल्या आणि त्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे त्यांनी स्वतः प्रवेशाचा अर्ज केला. तेव्हा त्यांचं वय होतं अठरा.

तो अर्ज आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हे त्यांनी त्यात सरळ सांगितलं. ते लपवायचा प्रयत्न केला नाही, त्याबद्दल रडगाणंही गायलं नाही. इथवर येताना सोसलेला विरोध सांगितला आणि मग आपल्याला हे शिक्षण कशासाठी हवं ते मांडलं: पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. उणीव, तयारी आणि हेतू या तिन्ही गोष्टी स्पष्ट होत्या. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एमडी झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषयही त्यांच्याच हेतूतून आलेला होता: हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र.

आता तुमच्या पत्राकडे येऊ. समजा एक मुलगी असल्फ्याला राहते, सिव्हिलमध्ये एमटेक करते आहे आणि डोंगरउतार का कोसळतात यावर तिला काम करायचं आहे. तिने असं लिहिलं तर कसं वाटेल पाहा:

‘मी घाटकोपरच्या असल्फा भागात, डोंगराच्या पायथ्याशी राहते. जुलै २०००मध्ये इथल्या आझादनगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली, ते घरात ऐकत मोठी झाले. उतारावरच्या पाझराबद्दलचा तुमचा शोधनिबंध वाचला. तुम्ही चोवीस तासांचा पाऊस हिशेबात धरला आहे. आमच्या मागच्या संरक्षक भिंतीच्या भोकांतून मोठा पाऊस थांबल्यावरही कितीतरी वेळ पाणी येत राहतं. आधीच्या काही दिवसांचा पाऊस मोजणीत घेतला तर निष्कर्ष बदलतील का? मातीच्या नेहमीच्या चाचण्या मी प्रयोगशाळेत केल्या आहेत. प्रोग्रामिंग जुजबी येतं, सध्या शिकते आहे. पुढच्या जुलैसाठी आपण पीएचडीचे विद्यार्थी घेणार आहात का?’

एवढंच. मोबाईलच्या पडद्यावर एका नजरेत वाचून होईल इतकं. यात एक वाचलेला निबंध आहे, स्वतः पाहिलेली एक गोष्ट आहे, एक प्रश्न आहे, येतं काय आणि येत नाही काय ते आहे, आणि शेवटी हो किंवा नाही म्हणता येईल अशी विचारणा आहे. दहावीपासूनचे टक्के, निबंधस्पर्धेतलं बक्षीस, ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ यातलं काही नाही. विषयाच्या ओळीतही ‘रिक्वेस्ट फॉर पीएचडी’ असं मोघम न लिहिता उतार, पाझर, पीएचडी आणि प्रवेशाचं वर्ष एवढं आलं की पुरे. सीव्ही दोन पानांचा, पीडीएफमध्ये, आणि फाईलला तुमचं नाव. निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर लेखकालाच तो मागा. बरेचजण आनंदाने पाठवतात, आणि ओळखीची सुरुवातही चांगली होते.

प्रश्न कुठून आणायचा, असं मुलं विचारतात. घाटकोपरमध्ये राहून हा प्रश्न पडू नये. १३ मे २०२४ला वादळी वाऱ्यात छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं मेली. वाऱ्याचा भार, पाया, लोखंडी सांगाडा हा इंजिनीअरिंगच्या मुलांचा विषय झाला. ते होर्डिंग रेल्वे पोलिसांच्या जागेवर उभं होतं. मग परवानगी कोणाची आणि जबाबदारी कोणाची, हा कायद्याच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा विषय. मेट्रो आल्यापासून स्टेशनवरच्या गर्दीचं काय झालं, डोंगरावरच्या वस्त्यांत पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, कुठल्या कामगारांची मुलं आठवीनंतर शाळा सोडतात, यातल्या कशावरही प्रबंध उभा राहू शकतो. आपल्या दारातलं काम लहान असतं, हा गैरसमज आधी काढून टाका.

आणखी एक गोष्ट मला तळमळीने सांगावीशी वाटते. आपण कुठे राहतो याचा आपल्याला पत्ता नाही. घाटकोपरहून लोकलने विक्रोळी ओलांडलं की कांजूरमार्ग, तिथून पवईचं आयआयटी. उलट बाजूला कुर्ल्याला गाडी बदलली की गोवंडी आणि मानखुर्द: देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि लोकसंख्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था, मानखुर्दला टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. माटुंग्याला आयसीटी, कलिन्याला मुंबई विद्यापीठ, कुलाब्याला टीआयएफआर. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं जिथे यायला धडपडतात त्या जागा आपल्या पासवर येतात, आणि आपली मुलं तिथे तीन वर्षांत एकदाही जात नाहीत.

या संस्थांत व्याख्यानं आणि सेमिनार सतत सुरू असतात, आणि त्यांतली कितीतरी बाहेरच्यांना खुली असतात. टीआयएफआरचे लोक ‘चाय अँड व्हाय’ नावाने पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी विज्ञानाच्या गप्पा मारतात. तिथे कोणीही जावं. संस्थांच्या गेटवर ओळखपत्र लागेल, आधी नाव नोंदवावं लागेल, तेवढं करा. पहिल्या वेळी काही कळणार नाही. कळलं नाही म्हणून पुन्हा जाणं सोडू नका. जिथे तुम्ही समोर बसून एक प्रश्न विचारला, तिथे नंतर गेलेलं तुमचं पत्र अनोळखी माणसाचं राहत नाही. पदवीच्या मुलांसाठी होमी भाभा केंद्राचा ‘नियस’ हा उपक्रम आहे, टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम आहे, देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप आहे. अकादम्यांचे अर्ज दिवाळीच्या सुमाराला मागवतात, त्यामुळे मे महिना आला की शोधू लागणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. सेकंड इयरला असलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पत्राने प्रवेश मिळतो का? हे देशावर आणि संस्थेवर आहे, आणि इथे फार गोंधळ होतो. अमेरिकेतल्या बहुतेक विभागांत प्रवेशाचा निर्णय समिती घेते. तिथे प्राध्यापकाला लिहायचं ते त्यांच्याकडे जागा आहे का, त्यांचं आताचं काम कोणत्या दिशेने चाललं आहे, हे कळावं म्हणून. जर्मनीत स्वतंत्रपणे पीएचडी करायची तर आधी प्राध्यापकाचा होकार मिळवावा लागतो. कॅनडातल्या अनेक विज्ञान विभागांतही तसंच. भारतात आधी परीक्षा आणि मुलाखत: गेट, नेट, जेस्ट, विद्यापीठाची पेट, विषयाप्रमाणे जी असेल ती. २०२४पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरतात. परीक्षा बुडवून नुसत्या पत्रावर विसंबलात तर इथे काही होणार नाही. पण मुलाखतीत ‘कोणाकडे काम करायचं आहे आणि का’ हा प्रश्न येतोच, आणि ज्याने आधी वाचलेलं असतं, पत्र लिहिलेलं असतं, त्याचं उत्तर वेगळं निघतं. अमेरिकेचे अर्ज बहुतेक डिसेंबरात संपतात, म्हणून पत्रं ऑगस्ट-सप्टेंबरात जायला हवीत. दोन आठवडे थांबा, एकदा नम्रपणे आठवण करा, तरी उत्तर नसेल तर पुढच्या नावाकडे वळा. त्यांच्या मोबाईलवर फोन करू नका, व्हॉट्सॲपवर ‘गुड मॉर्निंग सर’ तर अजिबात नको.

आणि गाईड तुम्हाला निवडतो तसं तुम्हीही गाईड निवडायचा असतो. हे आपल्या मुलांच्या मनातच येत नाही, कारण होकार मिळाला यातच सगळं आलं असं वाटतं. संस्थेच्या नावापेक्षा गाईड मोलाचा, हे माझं ठाम मत आहे. मोठ्या नावाच्या संस्थेत सहा वर्षं कुढत काढलेली मुलं आहेत आणि साध्या विद्यापीठात भरभरून शिकलेलीही आहेत. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा ‘आपल्याकडे जागा आहे का’ हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. ज्यांना लिहिणार आहात त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथे काढा. शेवटची पानंही पाहा. विद्यार्थ्याच्या नावावर शोधनिबंध निघाले का ते तिथे कळतं. मग त्या विद्यार्थ्यांपैकी एक-दोघांशी बोला, आणि जमलं तर मध्येच सोडून गेलेल्या एखाद्याशी जरूर बोला. सर वेळ देतात का? लिहिलेलं वाचून परत द्यायला किती दिवस लावतात? पीएचडीला साधारण किती वर्षं लागतात? घरची कामं सांगतात का? मुलींना तिथे निर्धास्त वाटतं का? हे मेलवर लिहून विचारू नका. फोनवर बोला, भेटा. उत्तर देताना समोरचा घुटमळला तरी तुम्हाला बरंच कळेल.

चांगला गाईड कसा असतो? रमाबाई आंबेडकर नगरातल्या मुलांना हे मी वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. बाबासाहेब १९१३मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांना प्रा. सेलिग्मन भेटले. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना आपल्या या विद्यार्थ्याबद्दल पत्र लिहिलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना पुढे लंडनला सुरू केलेलं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथे प्रा. कॅनन होते. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच आपले मतभेदही नोंदवले. विद्यार्थ्याचं म्हणणं पटत नाही तरी त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना देणारा गाईड मिळाला तर त्याच्यासाठी गाव बदलायलाही हरकत नाही.

आता आमच्या कॉलेजांतल्या शिक्षकांना हात जोडून एक विनंती. मुलगा शिफारसपत्र मागायला आला की ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं म्हणू नका. विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेलं शिफारसपत्र ओळखू येतं, आणि त्याने त्याचंच नुकसान होतं. चार ओळी लिहा, पण तुमच्या लिहा: प्रॅक्टिकलमध्ये त्याने काय केलं, कुठे अडला, त्यातून कसा बाहेर आला. मुलांनीही शेवटच्या दिवशी धावत जाऊ नये. महिनाभर आधी सांगा. गुणपत्रिका, प्रोजेक्टचा अहवाल, कुठे अर्ज करताय आणि शेवटची तारीख काय, हे सगळं एका कागदावर द्या. ट्रान्स्क्रिप्टसाठी विद्यापीठात वेळ लागतो, ते अर्ज भरण्याच्या आठवड्यावर ठेवू नका.

आई-वडिलांची काळजी पैशाची असते आणि ती रास्त आहे. नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. ही रक्कम २०२३पासूनची आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत. परदेशासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, आणि १८९२पासून चालत आलेला जे. एन. टाटा एन्डाउमेंटचा शिष्यवृत्ती-कर्जाचा मार्ग आहे. अटी बदलत राहतात, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाला काय मिळालं त्यावर न जाता चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचा. अमेरिकेतली पीएचडी बहुतेक वेळा ट्यूशन माफ करून आणि स्टायपेंड देऊन होते. कर्ज लागतं ते मास्टर्सला. त्यामुळे ‘पीएचडीसाठी फ्लॅट गहाण ठेवावा लागेल’ असं कोणी कन्सल्टंट सांगत असेल तर त्याच्या ऑफिसातून उठून या. आणि ‘गाईड आणि प्रबंध, सगळं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या तर दारातही उभे राहू नका. तो तुमच्या मुलाची पदवी आणि नाव, दोन्ही धोक्यात घालतो.

ओळखही काढत बसू नका. नगरसेवकाचा फोन, मामांच्या मित्राचा निरोप, यांनी संशोधन करणारा प्राध्यापक सावध होतो. वडिलांनी मुलाच्या वतीने मेल लिहिली की ती वाचली जात नाही. मुलीला तिचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही फक्त त्या संध्याकाळी घरात टीव्हीचा आवाज कमी ठेवा.

नकार येणार आहेत. १९३३मध्ये मुंबईच्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला आणि संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण अर्ज मुलीचा होता. त्या स्वतः बंगळुरूला गेल्या आणि नकाराचं कारण विचारलं. वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतलं. ती अट अपमानाची होती आणि ती त्यांना आयुष्यभर बोचली. त्यांचं काम पाहिल्यावर मात्र संस्थेने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. प्रत्येक नकाराविरुद्ध असं झगडता येईलच असं नाही. पण कारण विचारता येतं. ‘माझ्या तयारीत काय कमी पडलं, ते सांगाल का?’ एवढं एक वाक्य लिहा. दहातल्या एकाने उत्तर दिलं तरी पुढच्या वर्षीचा अर्ज सुधारेल.

शेवटचं मागणं घाटकोपरमधून जाऊन ज्यांची पीएचडी झाली आहे, किंवा जे आज पवईला, पुण्याला, बंगळुरूला, जर्मनीत, अमेरिकेत प्रबंध लिहीत आहेत त्यांच्याकडे. तुम्ही गाईडला लिहिलेलं पहिलं पत्र, अर्जासोबतचं हेतुपत्र (एसओपी), आलेले नकार, फेलोशिपचा भरलेला अर्ज हे सगळं तुमच्याकडे पडून आहे. त्यातलं खाजगी तेवढं काढा आणि तुमच्या जुन्या कॉलेजच्या विभागाकडे द्या. सुट्टीत घरी आलात की एक दुपार थर्ड इयरच्या वर्गावर जा. तुमच्याच बाकावर बसलेल्या मुलांना खरं पत्र कसं असतं ते दाखवायला तुमच्याइतकं योग्य दुसरं कोणी नाही.